ज्याचं घर, त्याचा संकल्प

पार्टीत कुणी विचारलं, "तू काय करतेस?" तर मी "गव्हर्नमेंटमध्ये" एवढंच सांगते आणि समोसा उचलते. पुढचं सांगितलं की पंचाईत होते. बायका खुर्ची जवळ ओढतात, आणि एखादा पुरुष बार्बेक्यू बघून येतो म्हणून उठतो तो परत येत नाही.

काम तसं एका वाक्यात सांगण्यासारखं आहे. नवरा-बायको वेगळे झाले की मूल ज्याच्याकडे राहत नाही त्याने मुलाच्या खर्चातला आपला वाटा द्यायचा. किती, ते सरकार ठरवतं. जो देत नाही त्याच्या मागे लागायचं, ही माझी नोकरी. पगारातून कापून घेता येतात, टॅक्सचा परतावा अडवता येतो, अगदीच अंगाशी आलं तर माणसाला विमानतळावर थांबवता येतं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मी दिवसभर हेडसेट लावून धडधाकट माणसांची रडगाणी ऐकते. एकाने मुलाच्या शाळेच्या ट्रिपचे पैसे दिले नाहीत, पण स्वतःच्या मानसिक स्वास्थ्यासाठी बोट घेतली. दुसऱ्याचं म्हणणं असं की पोरगी आता फोनवर नीट बोलत नाही, मग पैसे कशाचे? जणू पोरगी म्हणजे बंद पडलेलं टीव्हीचं कनेक्शन.

सिडनीचा दुसरा लॉकडाउन लागला तेव्हा हे सगळं माझ्या घरात आलं. क्वेकर्स हिलच्या आमच्या घरात एक छोटी स्टडी आहे, ती नरेंद्रने बळकावली. नरेंद्र माझा नवरा, पुण्याचा, आयटीतला. त्याच्या मीटिंगा कॅमेऱ्यावर असतात म्हणे. मला मिळाली लाँड्री. वॉशिंग मशीनवर पाट ठेवून त्यावर लॅपटॉप, आणि समोर वाळत घातलेले मोजे. ऑफिसात निदान घाण ऑफिसात राहायची. आता ती माझ्या धुतलेल्या कपड्यांत बसायची. शिफ्ट संपली की मी हेडसेट स्पिरिटने पुसायची, कोविड असो नसो.

त्या गुरुवारी मिस्टर प्रभुदेसाई यांना फोन लावायचा होता. ब्रिस्बेनला राहणारे, स्वतःचा धंदा, धंदा बसला म्हणून उत्पन्न शून्य. मुलगी सिडनीत आईजवळ. बराच काळ एक पैसा आलेला नाही. मी नियमाप्रमाणे इंग्रजीत नाव सांगितलं, "यू आर स्पीकिंग टू मंजिरी."

पलीकडून एकदम लोणी लावलेला आवाज आला, "मंजिरी? अहो ताई, तुम्ही तर आपल्याच की!"

आपल्याच. या शब्दाची मला शिसारी आहे. पटेल ग्रोसरीवाल्यापासून मंडळाच्या खजिनदारापर्यंत, ज्याला नियम वाकवून हवा असतो त्याला मी आपली असते.

"सर, धिस कॉल इज रेकॉर्डेड," मी म्हणाले.

"असू दे ना ताई. मराठी कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

तो हसला. मग त्याने मांडायला सुरुवात केली. कोविडने कंबरडं मोडलं. राहायला घर नाही, धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये गादी टाकून झोपतो. थंडीत पाठ धरते. वहिनी वाढेल ते खायचं. "माझी ही अवस्था, ताई, आणि तिकडे ती बाई माझ्या जिवावर उठलीये. पैसे दिले तरी स्वतःवरच उडवणार. तुम्ही बायकाबायका समजून घेता, पण एकदा पुरुषाच्या बाजूनेही बघा." इतका वेळ बोलला, पण मुलीचं नाव एकदाही त्याच्या तोंडून आलं नाही. ते मला समोरच्या फाइलवरून ठाऊक होतं. चिन्मयी.

मी त्याची सगळी माहिती पुन्हा तपासली. घर नावावर नाही. गाडी धंद्याच्या नावावर. बँकेत खडखडाट. इतकं स्वच्छ असलं की मला वास येतो, पण वासावर कारवाई करता येत नाही.

शुक्रवारी त्या मुलीच्या आईचा, दीप्तीचा, फोन आला. विद्यार्थी म्हणून आलेली, आता पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी, पेंडल हिलला भाड्याच्या युनिटमध्ये राहते आणि एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करते. तिने सुरुवात इंग्रजीत केली आणि थकल्यावर आपोआप मराठीत आली.

"मला केस बंद करायची आहे. सगळीच. मागचंही सोडून द्या."

"का?"

"आईंचा फोन आला होता पुण्याहून. सासूबाईंचा. रडत होत्या. तो भावाच्या गॅरेजमध्ये राहतोय म्हणे, जेवायचे वांधे आहेत. माझी भांडणं असतील त्याच्याशी, पण बुडत्या माणसाच्या खिशात हात घालायचा नाही मला."

नियम असा की अशा वेळी विचारायचं, कुणी दबाव आणलाय का. मी विचारलं. "छे, दबाव कसला," ती म्हणाली. सगळ्या असंच म्हणतात.

"चिन्मयीची शाळा कशी चालू आहे?" मी विचारलं. हे काही नियमात नाही, पण मनाईही नाही.

"ऑनलाइन. माझ्या फोनवर. शाळेचे उसने लॅपटॉप संपले. मी शिफ्टला गेले की फोन माझ्याबरोबर जातो, मग तिची शाळा पण माझ्याबरोबर जाते." ती हसली, आणि ते हसू मला त्या माणसाच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं. "आल्यावर बसतो आम्ही दोघी. होतं काहीतरी."

मी तिला सांगितलं की एकदा मागचं सोडलं की ते परत मागता येत नाही, नंतर काहीही कळलं तरी. शनिवार-रविवार विचार कर. सोमवारी सकाळी मी स्वतः फोन करीन, तेव्हाही हेच म्हणणं असेल तर बंद करू.

"माझं बदलणार नाही," ती म्हणाली. "थँक यू, ताई." तिच्या तोंडी तो शब्द खराखुरा होता.

मला त्या माणसाचा शब्दन् शब्द खोटा वाटत होता आणि मी तिला तसं सांगू शकत नव्हते. एकाच्या फाइलमधलं दुसऱ्याला सांगणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, आणि माझा संशय तर फाइलमध्येही नव्हता. सोमवारी ती पोर कायमची नागवली जाणार होती, माझ्याच हाताने.

रविवारी सकाळी नरेंद्र सिल्कचा कुर्ता आणि खाली हाफ पँट घालून डायनिंग टेबलाशी आला.

"ये गं, बस जरा. बाळ्याची वास्तुशांत आहे झूमवर."

बाळ्या हा त्याच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा. कॉलेजच्या त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळेच टोपणनावांनी वावरतात. पम्या, डुक्या, बाळ्या. खरी नावं बायकांना लग्नपत्रिकेवर कळतात. हा बाळ्या दुसऱ्या राज्यात, स्प्रिंगफील्ड लेक्सला असतो एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडे बॉर्डर बंद, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. श्रावण होता, मुहूर्त होता, आणि गुरुजी पुण्याहून ऑनलाइन होते.

स्क्रीनवर पन्नासेक चौकटी होत्या. कुणी पलंगावर लोळत, कुणी नुसताच पंखा दाखवत. एक तरुण माणूस फोन फिरवत घर दाखवत होता. बाळ्याचा धाकटा भाऊ, यतीन. हे किचन, ही मागची पँट्री, ही थिएटर रूम. "सगळं दादानेच निवडलंय, टाइल्सपासून," तो म्हणाला. डबल गॅरेज दाखवलं. आत नवी कोरी गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार. मग बाळ्याची बायको चित्रलेखा पैठणी सावरत पुढे आली. "प्रसाद सगळ्यांना घरपोच येईल हं. सिडनीवाल्यांना पेंडल हिलच्या दुकानातून. पत्ते ग्रुपवर टाका, कुणी राहायला नको."

मी चहा ढवळत होते. माझं निम्मं लक्ष सोमवारच्या फोनमध्ये.

पुण्यात अजून उजाडत होतं. गुरुजींनी एक जांभई दाबली आणि घाई सुरू केली, कारण नंतर त्यांना दुबई होतं. त्यांनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे? यजमान म्हणून तोच बसणार ना? भाऊ भाऊ दिसताय म्हणून विचारतो. मागे एकांकडे घोळ झाला होता."

आणि तो आवाज आला. लोणी लावलेला.

"गुरुजी, कागदावर धाकट्याचं नाव आहे. ते इकडे टॅक्सबिक्स, कोर्टकचेरी, असतं काय काय. घर माझंच आहे. पैसा माझा, सगळं माझं. संकल्प माझ्याच नावाने सोडा. देवाजवळ खोटं नको."

चौकटींमधून दोघेतिघे समजून हसले. नरेंद्रही हसला.

माझा चमचा कपात तसाच राहिला. गुरुजींनी सुरू केलं, त्याने मागून म्हटलं, गोत्र आलं, नाव आलं: गुरुदत्त. गुरुदत्त प्रभुदेसाई. गॅरेजात गादी टाकून झोपणारा. अंगावर रेशमी सोवळं, गळ्यात जाड साखळी, हातात चांदीची पळी. नूतनगृहे म्हणाला, वास्तुशांतिं करिष्ये म्हणाला आणि तळहातावरचं पाणी त्याने मोठ्या भक्तिभावाने ताम्हनात सोडलं.

खोटं बोलणारी माणसं मी रोज ऐकते, त्याचं काही नाही. पण या माणसाने हिशेब करून ठरवलं होतं की खोटं कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही. सरकारशी चालतं. पहिल्या बायकोशी चालतं. पोरीच्या तोंडचं काढून घ्यायला चालतं. फक्त वर ज्याच्याकडून पुढचं काही मिळवायचं आहे, त्याच्यापुरतं खरं बोलायचं.

आणि नियम सांगतो की ओळख निघाली की त्या क्षणी बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही, बघायचं नाही, सोमवारी वरिष्ठांना सांगायचं. माझं बोट खरंच झूममधून बाहेर पडायच्या लाल बटणावर गेलं होतं. तेवढ्यात खालच्या ओळीत मला एक चौकट दिसली. 'दीप्ती फोन' असं नाव होतं. आत दोन वेण्या घातलेली, चष्मेवाली एक पोर ताठ बसली होती, हात जोडून. आजीने पुण्याहून लिंक पाठवली असणार, नातीचा नमस्कार पोचावा म्हणून. आपल्या मुलाला सांगितलं नसणार. पन्नास चौकटींत त्याला ती दिसलीही नव्हती.

बोट मी मागे घेतलं.

"आता सगळ्यांनी अनम्यूट करा," गुरुजी म्हणाले, "आणि मोठ्याने म्हणा, गणपती बाप्पा—"

मोरयाचा कल्ला झाला, पन्नास घरांचा, मागेपुढे. तो विरला, आणि विरता विरता एक बारीक आवाज उरला.

"बाबा? इज दॅट युअर हाउस?"

चिन्मयी स्क्रीनजवळ सरकली होती.

"आजी सेड इट्स यतीनकाकाज हाउस. आई सेड यू लिव्ह इन द गॅराज." कुठलीही तक्रार नव्हती तिच्या आवाजात. गणित जुळत नसेल तर पोरं विचारतात तसं ती विचारत होती. "सो हूज हाउस इज इट?"

गुरुदत्तने मान वर केली. त्याने स्क्रीनवर तिला शोधलं. पळी अजून हातातच होती, बोटांवरचं पाणीही वाळलं नव्हतं.

"नो नो बेटा," तो म्हणाला. "इट्स यतीनकाकाज हाउस. बाबा इज जस्ट हेल्पिंग विथ द पूजा."

मी चौकट न् चौकट बघितली. डॉक्टर होते त्यात, इंजिनिअर होते, मंडळाचे माजी अध्यक्ष होते. सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं, देवाजवळ खोटं नको. एकाने कॅमेरा बंद केला. एकीने देवाकडे बघून हात जोडले. एकजण म्यूट झाला, मग दुसरा, मग पटापट सगळे. चिन्मयीची चौकट तेवढी उघडी राहिली. तिने मान डोलावली, म्हणजे पटलं. बाबा म्हणाला ना. सोमवारी तिची आईही असंच पटवून घेणार होती.

नरेंद्र कुजबुजला, "जाऊ दे. त्यांच्या घरातलं आहे."

फाइलमधलं एक अक्षर मी बोलू शकत नव्हते. पण मी इथे ऑफिसर म्हणून नव्हते. मी नरेंद्रची बायको होते, पूजेला बसलेली. आणि पूजेला बसलेल्या बाईला गुरुजींना शंका विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. मी अनम्यूटचं बटण दाबलं.

"गुरुजी, माफ करा हं. आमच्याकडे आवाज तुटला. संकल्प घर कुणाचं म्हणून झाला?"

"यजमानांचंच," गुरुजी म्हणाले. "मघाशी विचारूनच केला की."

"आत्ता ते मुलीला म्हणाले, भावाचं आहे."

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. पोरीचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं, त्यात मोबाइलवर दुबईवाले वाट बघत असावेत. ते वैतागले. "अहो, हे काय मध्येच? भावाचं असेल तर हे सगळं फुकट गेलं. ज्याचं घर त्याचा संकल्प, आणि ज्याचा संकल्प त्याला फळ. मग आता भावाला बसवा. पुन्हा आचमनापासून करू, पण दक्षिणा दोनदाची होईल."

"गुरुजी, तसं नाही, म्हणजे—" गुरुदत्त म्हणाला.

"कुणाचं घर, एवढंच सांगा. एक नाव सांगा."

यतीन पुढे आला. गंमत की आणखी काही, मला माहीत नाही, पण त्याने सोफ्यावरचा रेशमी शेला उचलून खांद्यावर टाकला आणि साळसूदपणे विचारलं, "दादा, मी बसू का?"

त्या एका वाक्यासरशी गुरुदत्तच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझ्या लक्षात आलं काय झालं ते. कागदावर घर भावाचं. आता देवाच्या दरबारातही भावाचं झालं, तर याच्याकडे काय राहिलं? लेकीच्या वाट्याचं चोरून ज्याच्याकडे लपवलं, त्याचीच आता त्याला भीती वाटत होती. शेजारून चित्रलेखाने दात आवळून म्हटलं, आणि माइकने ते इमानेइतबारे पोचवलं, "बोला ना! आपलं म्हणा!"

"माझं आहे," गुरुदत्त म्हणाला. मग मोठ्याने, "माझंच घर आहे, गुरुजी. यतीनचा काही संबंध नाही. चालू करा तुम्ही."

"ओके," चिन्मयी म्हणाली.

एवढंच. रडली नाही, काही नाही. चष्मा काढून फ्रॉकला पुसला आणि परत घातला, जणू दोष चष्म्याचा असावा. ते बघून मला कुणालातरी मारावंसं वाटलं.

तिच्या मागून एक बाई वाकली. नर्सिंग होमचा निळा युनिफॉर्म, ओले केस, शिफ्टला निघायच्या तयारीत. किती वेळ मागे उभी होती कोण जाणे. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्क्रीनकडे नीट बघितलं. उंच छत, झेंडूची तोरणं, चांदीची भांडी.

"गुरुजी, चालू द्या तुमचं," दीप्ती म्हणाली. "आम्ही निघतो. उद्या सकाळी मला एक फोन यायचाय. काय सांगायचं ते कळत नव्हतं. आता कळलं."

चौकट मिटली. बाकीच्या लगेच सरकून जागा भरून बसल्या.

नरेंद्र माझ्याकडे बघत होता. "तू ओळखतेस का त्यांना?"

"कामाचं विचारू नकोस," मी म्हणाले. तो शहाणा आहे, त्याने नाही विचारलं.

सोमवारी सकाळी सगळ्यात आधी मी ब्रॉनविनला, माझ्या टीम लीडरला, फोन केला. काय पाहिलं, काय ऐकलं, काय बोलले, सगळं सांगितलं.

"यू आस्क्ड द प्रीस्ट अ क्वेश्चन," ती म्हणाली.

"येस."

"दॅट्स ऑल?"

"दॅट्स ऑल."

"यू शुड हॅव लेफ्ट द मीटिंग, मेट."

"आय नो."

माझ्या नावावर एक ताकीद लागली. लागू दे. फाइल माझ्याकडून गेली, दुसऱ्या कुणाकडे गेली तेही मला सांगितलं नाही. सकाळी ज्या वेळी मी दीप्तीला फोन करायचा होता त्या वेळी मी वॉशिंग मशीनसमोर नुसती बसून होते. तो फोन दुसरंच कुणीतरी करत होतं. दुपारी ब्रॉनविनने कामाचं दुसरंच काहीतरी विचारायला फोन केला आणि ठेवता ठेवता म्हणाली, "युअर मॉर्निंग कॉल वॉज मेड. व्हेरी शॉर्ट. शी सेड नो."

नो म्हणजे बंद करायचं नाही. मी उठले, मोज्यांच्या घड्या घातल्या.

इकडे नरेंद्रच्या ग्रुपवर धो धो पाऊस. बाळ्या, काय घर आहे यार! वहिनींची पैठणी एक नंबर. गुरुजींचा नंबर दे रे. पोरीबद्दल एक शब्द नाही. एकाने तेवढं सुचवलं होतं, पूजेच्या झूमवर लहान मुलांना घेऊ नये, डिस्टर्ब होतं. त्याला आठजणांनी अंगठे दिले होते. मला त्या अंगठ्यांची त्या माणसापेक्षाही किळस आली. तो निदान चोर होता. हे सगळे नुसते जेवायला आले होते.

गुरुवारी प्रसाद आला. मास्क लावलेल्या पोराने डबा दारात ठेवला, बेल वाजवून निघून गेला. पेंडल हिलच्या दुकानाचे पेढे, वर केशराची काडी, आणि झाकणावर सोनेरी अक्षरांत चित्रलेखा आणि गुरुदत्त. मी तो उचलून लाँड्रीतल्या पाटावर ठेवला. खायचा नव्हता, आणि प्रसाद टाकवतही नाही. लहानपणापासूनची सवय, जीभ विटली तरी हात कचऱ्याच्या डब्याकडे जात नाही. शेवटी ब्रॉनविनला मेसेज केला, त्या माणसाकडून भेट आली आहे, नोंद कर. व्हॉट इज इट, तिने विचारलं. मी लिहिलं, स्वीट्स. फ्रॉम गॉड.

संध्याकाळी नरेंद्र चहा घेऊन लाँड्रीच्या दारात आला. त्याने डबा उघडला, एक पेढा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि थांबला.

"मंजू, ते दुकान पेंडल हिलचं ना?"

"हो."

"ती पोर तिथेच राहते? दीप्ती, बाळ्याची पहिली बायको, पेंडल हिललाच असायची, मला आठवतंय."

मी मोज्यांकडे बघत राहिले. मला हो म्हणता येत नव्हतं आणि नाहीही म्हणता येत नव्हतं.

नरेंद्रने पेढा परत डब्यात ठेवला. हा माझा नवरा, ज्याने गेल्या कित्येक वर्षांत त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या केकपलीकडे काही टाकलेलं नाही, त्याने चहा वॉशिंग मशीनवर ठेवला आणि उभ्या उभ्या टाइप केलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

'बाळ्या, प्रसाद मिळाला. चिन्मयीकडे पाठवलास का?'

आम्ही दोघं त्या फोनकडे बघत उभे राहिलो. मेसेज गेल्याची खूण लगेच उमटली. ऐंशी माणसं ग्रुपवर, कुणी बघतंय, कुणी लिहायला घेतंय, थांबतंय. चहावर साय धरली.

मग मधोमध एक बारीक राखाडी ओळ आली. गुरुदत्तने ग्रुप सोडला होता.